नेम, काच आणि क्लिक : एअर रायफलच्या स्कोपची पारख

रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती ठरलेल्या तेजस्विनी सावंतच्या रायफलवरही नव्हती आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्याही नव्हती. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत लक्ष्य मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. डोळ्यासमोर बारीक छिद्र, नळीच्या टोकाला कडे आणि त्या कड्याच्या मधोमध काळा गोल, एवढ्यावरच नेम धरायचा.

एअर रायफलची आणखी एक दुनिया मात्र दुर्बिणीवाचून उभीच राहत नाही. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात १९८० च्या सुमारास ‘फील्ड टार्गेट’ हा खेळ सुरू झाला. झाडाझुडपांत ८ ते ५५ यार्डांवर, म्हणजे साधारण ७ ते ५० मीटरवर, पत्र्याच्या आकृत्या उभ्या करतात. आकृतीत एक भोक असते. छर्रा नेमका भोकातून गेला तर आकृती पडते, कडेला लागला तर उभी राहते. भोकाचा व्यास कधी ४० मिलिमीटर, तर कधी फक्त १५. दुसरा प्रकार बेंचरेस्टचा. रायफल टेबलावर टेकवून २५ मीटरवरच्या कागदावर २५ गोल वेधायचे आणि २५० पैकी गुण मोजायचे. शिवाय घरच्या अंगणात किंवा क्लबच्या रेंजवर कागदी लक्ष्यावर सराव करणारे हौशी नेमबाज आपल्याकडेही वाढत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची पुढची खरेदी स्कोप हीच असते.

या खरेदीत दुकानात पहिला प्रश्न येतो, “किती एक्सचा आहे?” दुसऱ्या क्षणी गिऱ्हाईक स्कोप डोळ्याला लावून समोरच्या इमारतीची पाटी वाचते. पाटी स्वच्छ दिसली की पसंती पक्की. पण स्कोप हे आधी मोजमापाचे साधन आहे, पाहण्याचे नंतर. त्याची परीक्षा दोनच प्रश्नांवर व्हायला हवी. छर्रा ज्या अंतरात उडतो त्या अंतरात तो खरे दाखवतो का? आणि आज जिथे नेम बसवला तिथेच तो उद्या, शेकडो धक्के खाल्ल्यावरही राहतो का?

जवळचे अंतर हीच अडचण

बंदुकीसाठी बनवलेले पुष्कळ स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात. एअर रायफलचा सारा खेळ मात्र १० ते ५० मीटरमध्ये. इथे पॅरॅलॅक्सचा प्रश्न येतो. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून स्पीडोमीटर पाहिला की काटा चालकाला दिसतो त्याहून वेगळ्या आकड्यावर दिसतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नसतात. स्कोपमध्येही तसेच होते. पुढचे भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत उमटवते. ती प्रतिमा आणि रेटिकलच्या, म्हणजे नेमाच्या फुलीच्या, रेषा एकाच पातळीवर आल्या नाहीत, तर डोळा जरा बाजूला सरकताच फुली लक्ष्यावरून सरकते.

ही चूक किती मोठी असू शकते, ते साध्या हिशेबाने काढता येते. पुढच्या भिंगाची त्रिज्या घ्यायची. लक्ष्याचे अंतर आणि स्कोप जुळवलेला आहे ते अंतर, यांतल्या फरकाने तिला गुणायचे आणि जुळवलेल्या अंतराने भागायचे. ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १०० मीटरला जुळवलेला असेल, तर १० मीटरवर डोळा पार कडेला गेल्यास नेम १८ मिलिमीटरने चुकतो; २५ मीटरवर १५ मिलिमीटरने. तोच स्कोप २५ मीटरला जुळवला, तर २० आणि ३० मीटरवर जास्तीत जास्त चूक उरते फक्त ४ मिलिमीटर. प्रत्यक्षात डोळा इतका कडेला जात नाही, पण १५ मिलिमीटरच्या भोकासाठी १०० मीटरला जुळवलेल्या स्कोपची निम्मी चूकही पुरे.

म्हणून एअर रायफलच्या स्कोपला पॅरॅलॅक्स बदलण्याची सोय हवीच. ती पुढच्या भिंगाच्या कड्यावर असेल किंवा बाजूच्या चक्रावर. जुळणी १० मीटरपर्यंत खाली आली पाहिजे. फील्ड टार्गेट खेळायचे असेल तर त्याहूनही खाली. तपासणी सोपी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी, हात न लावता डोके हळूच वरखाली आणि डावीउजवीकडे हलवावे. फुली लक्ष्यावर चिकटून राहिली तर जुळणी बरोबर. १०, १५, २५, ३५ आणि ५० मीटर अशी अंतरे टेपने मोजून प्रत्येक ठिकाणी हे पाहावे. चक्रावर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये, स्वतःच्या खुणा कराव्यात.

फील्ड टार्गेटच्या खेळाडूंनी याच अडचणीचे हत्यार केले. स्पर्धेत लेसरने अंतर मोजायला बंदी असते. म्हणून ते ४० किंवा ५० पट मोठे दाखवणारे स्कोप वापरतात. वर्धन वाढले की स्पष्ट दिसण्याचा पट्टा अरुंद होतो. पॅरॅलॅक्सचे चक्र फिरवत लक्ष्य कुठे लख्ख होते ते पाहायचे आणि चक्रावरच्या खुणेवरून अंतर वाचायचे. खुणा सुट्यासुट्या पडाव्यात म्हणून बाजूला भलेमोठे चाक बसवतात. पण तापमान बदलले की काही स्कोपमध्ये हे वाचन सरकते. सकाळच्या गारव्यात केलेली खूण दुपारच्या उन्हात खोटी ठरू शकते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हा फरक दोन्ही वेळी तपासून लिहून ठेवायलाच हवा.

धक्का दोन्ही बाजूंनी

दुसरी परीक्षा टिकाऊपणाची. आपल्याकडे सर्वाधिक चालते ती स्प्रिंगची रायफल. जत्रेत फुगे फोडायला मिळते तीही त्याच जातीची. घोडा दाबताच जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पुढच्याच क्षणी पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो आणि रायफल पुढे उसळते. बंदुकीचा धक्का मुख्यतः मागच्या दिशेने असतो आणि बंदुकीचे स्कोप त्या बेताने बांधलेले असतात. म्हणूनच मोठ्या काडतुसांचा मार सोसणारा स्कोपही स्प्रिंगच्या रायफलवर खिळखिळा होतो. भिंगांच्या चकत्या सैल पडतात, कधी फुलीच तुटते. विकत घेताना ‘स्प्रिंगर रायफलसाठी चालेल’ असे बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहावे. दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत हा धक्का जवळपास नसतो, म्हणून तिथे निवडीला मोकळीक जास्त.

दोष पुष्कळदा स्कोपचा नसून माउंटचा, म्हणजे त्याला रायफलवर धरणाऱ्या पकडीचा, असतो. धक्क्यांनी माउंट रेलवर इंच-इंच मागे सरकतो आणि नेम रोज वेगळा लागतो. त्याला अडवणारी पिन रायफलच्या भोकात नीट बसली आहे ना, ते आधी पाहावे. माउंट आणि रेल यांवर पेन्सिलीने एक सलग रेघ मारावी. शंभर छर्ऱ्यांनंतर ती तुटलेली दिसली, तर स्कोपला बोल लावायचे कारण नाही.

गोळी न झाडता होणारी तपासणी

स्कोपचे क्लिक, म्हणजे फुली सरकवणाऱ्या गुंडीचे (टरेटचे) टप्पे, खरे आहेत का, हे बहुतेक जण छर्रे झाडून पाहतात. पण एकाच नेमावर झाडलेल्या छर्ऱ्यांच्या गटाचा पसारा १५ मिलिमीटर असेल, तर त्यातून २ मिलिमीटरची चूक कशी शोधणार? म्हणून पहिली तपासणी छर्ऱ्याविना करावी. स्कोप जड व्हाइसमध्ये मऊ कापड लावून घट्ट पकडावा. २५ मीटरवर मिलिमीटरच्या रेघांचा मोठा कागद लावावा. फुली एका रेघेवर आणून टरेट ४० क्लिक फिरवावा आणि फुली किती सरकली ते वाचावे.

आकडे ठरलेले आहेत. एक मिनिट कोन म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर. पाव मिनिटाचा क्लिक २५ मीटरवर फुली १.८ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे ४० क्लिकना सुमारे ७३ मिलिमीटर. काही कंपन्या १०० यार्डांना पाव इंच असा हिशेब धरतात, तिथे ६९ मिलिमीटर भरेल. एक दशांश मिलिरेडियनचा क्लिक असेल तर बरोबर १०० मिलिमीटर. फरक एक-दोन टक्क्यांचा असेल तर तो वहीत नोंदवून हिशेबात धरता येतो. दहा टक्के असेल तर स्कोप परत करावा.

पण सारखीच चूक माफ करता येते. लहरी चूक नाही. टरेट ४० क्लिक वर आणि ४० क्लिक खाली फिरवल्यावर फुली मूळ रेघेवर परतली पाहिजे. दिशा बदलताना पहिले एक-दोन क्लिक वायाच जात असतील, तर आतली स्प्रिंग कमजोर आहे. वरखाली फिरवताना फुली आडवीही सरकत असेल, तर रेटिकल तिरके बसले आहे. ते पाहायला गवंड्याच्या ओळंब्यासारखे साधन नाही. लक्ष्याशेजारी ओळंबा टांगून उभी रेषा दोरीशी जुळवावी.

रायफलवर चढवतानाही हाच ओळंबा वापरावा. रायफल ५ अंशांनी कलली, तर ५० मीटरवर छर्रा दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला जातो. चौकोनाची कसोटी शेवटी करावी. पाच छर्रे झाडायचे, २० क्लिक वर, पाच छर्रे. मग तेवढेच उजवीकडे, खाली आणि डावीकडे. पाव मिनिटाच्या क्लिकवर २५ मीटरला ३६ मिलिमीटर बाजूचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा गट पहिल्यावरच पडला पाहिजे. तीन छर्ऱ्यांवर निवाडा करू नये, आणि वाऱ्यात तर मुळीच नाही.

छर्ऱ्याची वाट आणि रेटिकलच्या खुणा

स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असतो. त्यामुळे छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, तिला ओलांडून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघालेला ४.५ मिलिमीटरचा छर्रा ३० मीटरला झिरो केला, म्हणजे त्या अंतरावर नेमका फुलीवर लागेल असा जुळवला, तर स्थूलमानाने १० मीटरवर तो सेंटीमीटरभर खाली लागतो, २० मीटरवर सहा-सात मिलिमीटर वर आणि ५० मीटरवर तब्बल दहा सेंटीमीटर खाली. म्हणूनच एअर रायफलला नुसत्या फुलीपेक्षा खाली बारीक खुणा असलेले रेटिकल उपयोगी पडते.

त्यातही रेटिकल कोणत्या पातळीत आहे ते विचारावे. मागच्या पातळीत असेल तर वर्धन बदलताच खुणांचा हिशेब बदलतो. तो एका ठरावीक वर्धनावरच खरा असतो. पुढच्या पातळीत असेल तर हिशेब कायम राहतो, पण कमी वर्धनावर रेषा केसासारख्या बारीक होतात. २५ मीटरवर २५ मिलिमीटर अंतराच्या दोन रेघा आखल्या की मिलच्या (मिलिरेडियनच्या) खुणा खऱ्या की खोट्या ते लगेच कळते.

आणि मग काच

एवढे जमले की चित्राकडे वळावे. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटर भिंग आणि १० पट वर्धन असेल तर ४ मिलिमीटर. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे एवढे पुरते. वर्धन २४ पट केले की झोत पावणेदोनवर येतो, चित्र मंदावते आणि डोळा नेमका मध्यावर ठेवावा लागतो. उजळ आकाशासमोर सुकी फांदी पाहावी. तिच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी, तितकी काच चांगली. विटांच्या भिंतीच्या रेषा कडेला वाकतात का, संध्याकाळी ३० मीटरवरची बारीक छपाई दिसते का, हेही पाहावे. दुकानाच्या दिव्यात सगळेच स्कोप चांगले दिसतात. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नये. दृष्टी कायमची जाईल.

सरावाच्या जागेचीही पारख तितकीच गरजेची. लक्ष्यामागे छर्रा अडवणारा भक्कम आडोसा हवा, डोळ्यांवर चष्मा हवा. २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीची एअर रायफल शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याच्या कक्षेत येते. आणि स्कोपमधून पाखरू कितीही जवळ दिसले, तरी त्याच्यावर नेम धरायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तर आहेच, पण कौशल्य सिद्ध करायला कागद पुरेसा असतो.

पैसे मर्यादित असतील, आणि बहुतेकांचे असतातच, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी भक्कम माउंट, मग परत त्याच जागी येणारा टरेट, मग १० मीटरपर्यंत उतरणारी पॅरॅलॅक्सची जुळणी, मग स्वच्छ काच आणि सर्वांत शेवटी वर्धन. जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो. १२ पटीचा प्रामाणिक स्कोप नेमबाजाला त्याची स्वतःची चूक दाखवतो : घोडा झटक्यात दाबला, श्वास चुकला, गाल नीट टेकला नाही. २४ पटीचा लहरी स्कोप ती चूक स्वतःच्या चुकीत मिसळून टाकतो, आणि मग कितीही सराव केला तरी नेमके काय सुधारायचे ते कळत नाही. ज्याला शिकायचे आहे त्याने म्हणूनच स्कोपची परीक्षा आधी घ्यावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. त्यानंतर कागदावर जे उमटेल, त्याची जबाबदारी निःशंकपणे स्वतःवर घेता येते, आणि नेमबाजीतली सुधारणा तिथूनच सुरू होते.