मेबॅक मोटार आणि पंचगंगेवरचे दिवे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत चिरंजीव सहकुटुंब म्हैसुरास जाऊन आले. वाटेंत त्यांनीं श्रीरंगपट्टणाजवळचें जुन्या मोटारींचें संग्रहालय पाहिलें आणि रविवारीं सायंकाळीं सुमारें एक लाख विजेच्या दिव्यांनीं उजळणारा तेथील राजवाडाही पाहिला. नातवंडें परतलीं तीं एकच प्रश्न घेऊन : "आजोबा, आपल्याकडे असें कांहीं नाहीं का?" कबनुरांत यंत्रमागांच्या खडखडाटाखेरीज दाखविण्यासारखें काय असणार! परंतु कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे. मीं शब्द दिला आणि दसऱ्यास व त्रिपुरी पौर्णिमेस तो पाळला.

दसऱ्याच्या दिवशीं ऊन कलतांच आम्ही दसरा चौकांत जागा धरून बसलों. अंबाबाईची पालखी आली, तुळजाभवानीची आली आणि नव्या राजवाड्याकडून छत्रपतींची मेबॅक मोटार सावकाश येतांना दिसली. ही गाडी राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतली (1922-1940), जर्मनींत घडविलेली. मेबॅकचा कारखाना फ्रीड्रिशहाफेन येथें सरोवराच्या कांठीं होता व आरंभीं तेथें झेपेलिन वायुनौकांचीं इंजिनें तयार होत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें त्या उद्योगास बांध घातला, तेव्हां कारखानदारांनीं मोटारींकडे मोर्चा वळविला. संग्रहालयांतल्या गाड्या जागच्या जागीं उभ्या असतात; ही मात्र दसऱ्यास आपल्या धन्याला घेऊन माणसांच्या गर्दींतून चालते. गाडीचा खरा मान मला तरी यांतच वाटतो.

सूर्यास्तास शमीपूजन झालें, सोनें लुटलें गेलें. गर्दींतून बाहेर पडतांना नातवानें विचारलें, "राजाराम महाराज म्हणजे कोण?" मीं सांगितलें, "शाहू महाराजांचे चिरंजीव." तेवढ्यावर त्याचें समाधान झालें.

त्रिपुरी पौर्णिमेस आम्ही रात्र सरण्यापूर्वींच पंचगंगेच्या घाटावर पोंचलों. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पांच नद्यांचें हें पाणी पुढें इचलकरंजीवरून, म्हणजे आमच्याच बाजूनें, नृसिंहवाडीस कृष्णेला मिळतें. पायऱ्यांवर, दीपमाळांवर, पाण्यालगतच्या लहान देवळांवर हजारों पणत्या तेवत होत्या आणि तेवढ्याच पाण्यांत थरथरत होत्या. सौभाग्यवतीचे गुडघे उतरूं देत नव्हते, म्हणून ती वरच्या पायरीवर बसून राहिली. म्हैसुरास कळ दाबली कीं लाख दिवे लागतात; येथें एकेक वात कोणाच्या तरी हातानें लागलेली.

"शाहू महाराज येथें येत असत का?" नातवानें विचारलें.

हा प्रश्न केव्हां तरी येणार हें मला ठाऊक होतें. 1899 सालच्या कार्तिकांत महाराज याच नदीवर स्नानास येत. पुरोहित वेदमंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवतांनीं महाराजांच्या ध्यानांत आणून दिली. आणि शास्त्रीबोवा स्वतः ब्राह्मणच होते. विचारणा होतांच पुरोहितानें उत्तर दिलें कीं, शूद्रास वेदोक्ताचा अधिकार नाहीं. तो स्वतः स्नान करूनही आला नव्हता. पुराणोक्तास त्याची जरूर नाहीं, असें त्याचें म्हणणें. पुढें राजोपाध्यांचें वतन गेलें. माझ्या बालपणीं घरांत ही हकीकत सांगत, ती वतन गेल्यापासून सुरू होई. आधींचा भाग मला ग्रंथांतून वाचावा लागला.

मीं नातवास ती आधींपासून सांगितली. त्याची मुंज गतवर्षीं झालेली. तो म्हणाला, "मला येतो तो मंत्र राजाला कां नाहीं?"

मी पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. शास्त्रवचनें तोंडाशीं आलीं होतीं. तीं तेथेंच ठेवलीं आणि म्हणालों, "चूक झाली, बाळ. आपल्याच लोकांची."

त्याच्याहून दोन वर्षांनीं वडील असलेली नात इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आजोबा, तो मला तरी कोठें येतो?"

वरच्या पायरीवरून सौभाग्यवती हंसली. तिनें सारें ऐकलें होतें. मीं उत्तर दिलें नाहीं. पूर्वेस उजाडत होतें, वारा सुटला होता आणि कडेच्या पणत्या विझूं लागल्या होत्या.

पौर्णिमा व प्रतिपदा हे अनध्यायाचे दिवस; म्हणून द्वितीयेस सकाळीं तिला समोर बसवून प्रारंभ केला. भावानें शेजारीं बसून दोनदां तिचा उच्चार सुधारला; एकदां चुकीचा.