अमेरिकन यादवी युद्ध आणि वऱ्हाडचा कापूस

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झालेल्या युद्धांपैकी ज्याचा परिणाम वऱ्हाडच्या शेतीवर प्रत्यक्ष घडला असे युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध होय. या युद्धामुळेच वऱ्हाडात कापूस आला, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे विधान तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफांचा मारा होऊन युद्धास तोंड लागले व त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग दक्षिणेतील गुलामांच्या श्रमांतून येत असे. तो पुरवठा तुटताच लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. आखूड धाग्यामुळे एरवी दुय्यम मानल्या गेलेल्या या मालास एकाएकी मागणी आली.

तथापि वऱ्हाडात कापूस नवा नव्हता. येथील कापूस पूर्वीपासून बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, तो युद्धाच्या आठ वर्षे आधी. म्हणजे युद्धाने पीक निर्माण केले नाही. त्याने भाव बदलला आणि राज्यकर्त्यांचे लक्ष या प्रांताकडे वेधले.

भाव टिकला नाही. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले, दर कोसळले आणि जुलैमध्ये मुंबईतील शेअरांचा फुगा फुटला. परंतु तेजीत आखलेल्या योजना थांबल्या नाहीत. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. रयतवारी मोजणी व रोख साऱ्याची आकारणीही याच काळात होत गेली. तात्पर्य, कापसाची वाहतूक सुलभ करणारी यंत्रणा पूर्णत्वास गेली ती तेजी ओसरल्यावर.

याचा भार सर्वत्र सारखा नव्हता. १९०५ मध्ये अकोल्याकडून बुलढाणा जिल्ह्यात आलेले खामगाव पूर्णेच्या खोऱ्यात, पायनघाटात, लोहमार्गाच्या टप्प्यात होते. आज हिवरा आश्रम या नावाने ओळखले जाणारे गाव व मेहकरचा परिसर मात्र घाटावरचा. तेथील मालास बाजार गाठण्यासाठी बैलगाडीने घाट उतरावा लागे. दोहोंकडच्या कुणब्यास सारा रोखीने भरावयाचा असे, आणि पीक येईपर्यंतची सोय बहुधा सावकाराकडून होई. लिव्हरपूलचा भाव त्याच्या हातचा नव्हता. कर्ज मात्र त्याच्या नावे होते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत या व्यवस्थेची कसोटी लागली. लोहमार्ग असूनही धान्य विकत घेण्याची ऐपत नसल्याने लोक उपासमारीस बळी पडले.

सारांश, यादवी युद्ध हे वऱ्हाडच्या कापूस-अर्थव्यवस्थेचे मूळ नव्हे, तिला वेग देणारे निमित्त होय. तिचे स्थायी स्वरूप शोधावयाचे तर युद्धाच्या चार वर्षांपेक्षा त्यानंतरच्या तीन दशकांतील सारा, कर्ज व वाहतूक यांच्या नोंदींकडे अभ्यासकांनी वळले पाहिजे.