जोडीदाराची सिगारेट आणि आपला निर्धार

वडोदऱ्याच्या सुभानपुरा भागातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे आणि दोघांनाही सिगारेटची सवय. रात्रीची जेवणे आटोपली की दोघे बाल्कनीत उभी राहत आणि दिवसभराच्या गोष्टी तिथेच होत. तीन आठवड्यांपूर्वी पत्नीने सिगारेट सोडली. पतीने सोडलेली नाही. आता तो एकटाच बाल्कनीत जातो आणि ती स्वयंपाकघरात आवराआवर करते. दाराच्या फटीतून येणारा वास मात्र तिला दररोज हाक मारतो.

हे घर कल्पनेतले असले, तरी असे घर म्हापशात, फोंड्यात किंवा मडगावात शोधायला फार लांब जावे लागणार नाही. कुठे पतीने सोडलेली असते आणि पत्नी किंवा घरातील अन्य कोणी ओढत असते, तर कुठे सिगारेटच्या जागी विडी असते. प्रश्न एकच उरतो. ज्या घरात रोज धूर होतो, त्याच घरात राहून धूम्रपानापासून दूर कसे राहायचे?

कायदा उंबरठ्यापाशी थांबतो

वडोदऱ्यापासून जवळच चरोतरचा प्रदेश आहे. विडीच्या तंबाखूसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध असून आणंद येथे विडी तंबाखूचे संशोधन केंद्रही आहे. गोव्याची स्थिती नेमकी उलट. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करत असल्याचे दिसले. गोव्यात हे प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. धूम्रपान व थुंकणे यांना प्रतिबंध करणारा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला होता. केंद्राचा कायदा २००३ साली आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. कार्यालय, उपाहारगृह किंवा बसस्थानकावर सिगारेट पेटवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र घर हे सार्वजनिक ठिकाण नव्हे. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागत होते. कार्यालयात आणि प्रवासात कायदा आपल्या बाजूने उभा असतो. उंबरठा ओलांडून आत आल्यावर ती राखण संपते. सिगारेट सोडलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

तल्लफ कशी जागी होते?

सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. तेथील विशिष्ट ग्रहणस्थानांना ते चिकटते आणि सुखद संवेदना निर्माण करणारी रसायने पाझरू लागतात. सवय जडली की या ग्रहणस्थानांची संख्या वाढते आणि ती पुन्हा पुन्हा निकोटिन मागू लागतात. सिगारेट सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव असा त्रास होतो, त्याचे कारण हेच. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सर्वाधिक असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो.

शरीराची मागणी ओसरली तरी मनाने जोडलेले दुवे टिकून राहतात. चहाचा कप, जेवणानंतरची वेळ, लायटरचा आवाज, जोडीदाराच्या कपड्यांचा वास यांपैकी काहीही निमित्त पुरते आणि महिन्यांनंतरही तल्लफ उसळते. बहुधा ती काही मिनिटांतच उतरते. परंतु त्या मिनिटांत सिगारेटचे पाकीट समोरच्या टेबलावर असणे आणि ते आणण्यासाठी कोपऱ्यावरच्या गाड्यावर जावे लागणे, यांत फार मोठा फरक आहे.

शिवाय दुसऱ्याचा धूर ही केवळ आठवण करून देणारी गोष्ट नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही व्यक्तींना मोटारीत तासभर दुसऱ्याच्या धुरात बसवले गेले. तेवढ्यानेही त्यांच्या मेंदूतील निकोटिनच्या ग्रहणस्थानांपैकी सरासरी १९ टक्के व्यापली गेली आणि त्यांच्यातील धूम्रपान करणाऱ्यांची तल्लफ वाढली. म्हणजे जोडीदार शेजारी बसून ओढत असेल, तर निकोटिनचा काही अंश आपल्याही मेंदूपर्यंत जातो. अशा वेळी मन डळमळले तर त्याला निव्वळ दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

जोडीदाराचे बळ आणि त्याची मर्यादा

जोडीदार सोबत आला तर काम पुष्कळ सोपे होते, यात शंका नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील प्रसिद्ध हृदयविकार अभ्यासात सहभागी असलेल्या १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासण्यात आल्या. पती वा पत्नीने धूम्रपान सोडले, तर दुसऱ्याने धूम्रपान करत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत आढळले. इंग्लंडमधील दांपत्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात, पत्नी नव्याने धूम्रपानमुक्त झालेल्या पुरुषांपैकी ४८ टक्क्यांनी स्वतःही सिगारेट सोडली. पत्नी ओढतच राहिलेल्या पुरुषांत हे प्रमाण अवघे ८ टक्के होते.

या आकड्यांच्या दोन्ही बाजू वाचायला हव्यात. एक म्हणजे, आज आपण टिकून राहिलो तर उद्या जोडीदारही सोडण्याची शक्यता वाढते. दुसरी म्हणजे, जोडीदार ओढत असेल तर आपली चढण अधिक उभी आहे. मग जोडीदारालाच ‘कसा आधार द्यावा’ हे शिकवले तर? असे प्रयोग अनेकदा झाले. त्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर, अशा शिकवणीमुळे सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते असा पुरावा हाती लागला नाही. जो स्वतः व्यसनात आहे, त्याच्याकडून राखणदाराची भूमिका पार पडण्याची अपेक्षा बहुधा फोल ठरते.

म्हणून निर्धाराचा सगळा भार जोडीदाराच्या खांद्यावर ठेवू नये. आधार घराबाहेर शोधावा आणि घरात फक्त मोजके, स्पष्ट ठराव करावेत.

त्याच वाटेने गेलेले सोबती

व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचा शब्द व्यसनीला अधिक पटतो, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पूर्वी रुग्ण म्हणून आलेले अनेक जण पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. मद्यमुक्तीसाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळही याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यातून पुढे कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र गट निघाले. दुसऱ्याचे व्यसन आपण निर्माण केलेले नाही आणि ते आपण सोडवूही शकत नाही, आपल्या हाती असते ते आपले वागणे, हा त्या गटांचा गाभा आहे. जोडीदार ओढत असताना स्वतः दूर राहणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत आधी उमजावी लागते.

धूम्रपानाबाबतही गटाचा उपयोग तपासला गेला आहे. एकट्याने पुस्तिका वाचून सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या तुलनेत गटातील कार्यक्रमात सहभागी होणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता ५० ते १३० टक्क्यांनी अधिक असल्याचे अनेक चाचण्यांच्या आढाव्यात दिसून आले.

गट म्हणजे मोठी संस्थाच हवी, असे नाही. नुकतीच सिगारेट सोडलेली तीन-चार माणसेही पुरतात. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेटावे. गेल्या सात दिवसांत तल्लफ कधी आली, त्या वेळी काय केले, हे प्रत्येकाने न लपवता सांगावे. तल्लफ आल्यावर ज्याला कोणत्याही वेळी दूरध्वनी करता येईल, असा एक सोबती प्रत्येकाला असावा. पाच मिनिटांचे बोलणे संपते तोवर लाट उतरलेली असते. ‘आज पुन्हा तो समोर बसून ओढत होता’ हे वाक्य जोडीदारापुढे उच्चारले तर भांडण होते. सोबत्यापुढे उच्चारले तर मन हलके होते.

स्त्रियांसाठी हा आधार अधिक मोलाचा आहे. देशात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २ टक्के आहे. त्यामुळे अनेकींची सवयही लपलेली असते आणि ती सोडण्याची धडपडही. प्रत्यक्ष गट मिळाला नाही, तर एखादी विश्वासू मैत्रीण किंवा शासनाची निःशुल्क तंबाखू मुक्ती सेवा हा पहिला सोबती होऊ शकतो. तिचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जातो.

घरातील ठराव

जोडीदाराशी बोलण्यासाठी शांत वेळ निवडावी. तो सिगारेट पेटवत असतानाची वेळ तर मुळीच नको. ‘तू सोड’ या आग्रहाऐवजी ‘मला टिकून राहायचे आहे, त्यासाठी एवढे कर’ अशी विनंती अधिक फळते. मागण्या चार पुरेत. घरात आणि मोटारीत कोणीही ओढायचे नाही. पाकीट, लायटर, रक्षापात्र नजरेसमोर ठेवायचे नाही. सिगारेट आणून देण्याचे काम सोडणाऱ्याला सांगायचे नाही. रागाच्या भरात वा थट्टेतही ‘एक घे’ म्हणायचे नाही.

खिडकी उघडली की धूर निघून जातो, हा समज खरा नाही. धूम्रपान न करणारी व्यक्ती धुराच्या सान्निध्यात राहिली, तर तिचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे ‘ओढायचे तर घराबाहेर’ हा नियम मुलाबाळांसाठीही आवश्यक आहे.

एवढे करूनही एखादा झुरका घेतला गेला, तर सगळे संपले असे समजू नये. त्याच दिवशी सोबत्याला कळवावे, निमित्त काय झाले ते पाहावे आणि पुन्हा सुरुवात करावी. तल्लफ फारच असह्य असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिन गम किंवा औषधे घेता येतात.

सिगारेट सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. सुभानपुऱ्यातील त्या बाल्कनीची वेळ मात्र रोज रात्री येणारच आहे. त्या वेळी पत्नीने जिना उतरून खाली जावे, चालता चालता सोबत्याशी बोलावे आणि परतल्यावर पतीशी दिवसभराच्या गोष्टी दिवाणखान्यात बसून कराव्यात. तिने सोडायची होती ती सिगारेट, दोघांच्या गप्पा नव्हेत. त्या गप्पांसाठी एखाद्या रात्री तोही बाल्कनीतून लवकर आत येईल.