वखराची पास लवकर का झिजते? लोखंडाला ‘पाणी देणे’ म्हणजे काय?

यवतमाळ जिल्ह्यात पेरणीआधी वखरणी आणि कपाशी, सोयाबीन उगवल्यावर डवरणी सुरू होते. त्याआधी पास पाजवून घ्यावी लागते. एकाच गावात एखादी पास हंगामभर टिकते, तर दुसरी काही दिवसांतच बोथट होते. असे का?

पास कशाने झिजते?

मातीतल्या रेतीत गारगोटीचे कण असतात. ते साध्या लोखंडापेक्षा कितीतरी कठीण असल्याने पात्याला सतत ओरखडत राहतात. मुरमाड जमिनीत ही झीज अधिक होते. पात्याचा पृष्ठभाग जितका कडक, तितका ओरखडा उथळ.

पाणी दिल्याने काय होते?

पोलाद साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील कार्बन लोखंडात विरघळतो. ते सावकाश निवले तर कार्बन वेगळा होतो आणि धातू मऊ राहतो. एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि धातू कडक होतो. पोलादाला साधारण ७७० अंशांनंतर चुंबक चिकटत नाही. पुरेसे तापले की नाही, याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

मग पुन्हा का तापवायचे?

नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते; दगडावर आदळले की तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. घासलेल्या धारेवर साधारण २३० अंशांना गवती पिवळा, तर ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. कडकपणा थोडा कमी होतो, पण चिवटपणा येतो.

सगळेच लोखंड कडक होते का?

नाही. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन फार कमी असतो. तिला कितीही पाणी दिले तरी फारसा फरक पडत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात मात्र सुमारे अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून त्याची पास टिकते.

टायटॅनियमचे काय?

विमानात आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे टायटॅनियमचे मिश्रधातू कार्बनवर कडक होत नाहीत. ते तापवून, झटकन निववून पुन्हा सुमारे ५०० ते ६०० अंशांवर काही तास ठेवले की बळकट होतात. घासण्यात मात्र ते कच्चेच ठरतात, कारण त्यांचा पृष्ठभाग समोरच्या धातूला चिकटून फाटतो. त्यामुळे नायट्रोजन वायूत तापवून त्यांच्यावर सोनेरी, कठीण थर चढवतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातही दांडा टायटॅनियमचा असला, तरी घासला जाणारा गोळा बहुधा सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा असतो.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?

पास घेताना पट्टी कशाची आहे, हे विचारावे. ग्राइंडरवर धार लावताना ती निळी पडू देऊ नये; मध्येमध्ये पाण्यात थंड करावी. पाणी दिलेल्या पात्याला धारेजवळ वेल्डिंग केले, तर तेवढा भाग मऊ पडू शकतो किंवा तिथे तडा जाऊ शकतो. तसे झाल्यास पुन्हा पाणी देण्याचा खर्च आलाच.