भावंडाचा वाढदिवस आला की थोरलं पोर का रुसतं? आणि त्याला ‘द्यायला’ शिकवायचं कसं?

समजा, सिंधुदुर्गातलं नांदगाव. घरात धाकटीचा चौथा वाढदिवस. कणकवलीवरून केक आलाय, पडवीत फुगे लागलेत, वाडीतली पोरं जमलीत. औक्षण होतं, गिफ्ट उघडायला सुरुवात होते आणि सहा वर्षांचा थोरला त्यातली एक गाडी उचलून थेट माजघर गाठतो. मग रडारड. मागून आजीचा आवाज, “तू मोठो आसस मा, दी तिका!”

पोरगा गाडी देतो. पण यातून तो काय शिकतो? तर, मोठं असणं म्हणजे आपल्या हातातलं काढून घेतलं जाणं. औदार्य वगैरे यात कुठेच येत नाही.

मग मुलांना द्यायला शिकवायचं कसं? यावर बरंच संशोधन झालंय. त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

पोराला कळत नाही, असं नसतं

2013 साली स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या संशोधकांनी 3 ते 8 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना स्टिकर दिले आणि विचारलं, दुसऱ्याला किती द्यायला हवेत? अगदी लहान मुलंही म्हणाली, निम्मे. पण प्रत्यक्ष वाटायची वेळ आली तेव्हा लहानग्यांनी स्वतःकडे जास्त ठेवले. बोलल्याप्रमाणे निम्मे-निम्मे वाटणारी मुलं होती साधारण 7-8 वर्षांची.

म्हणजे सहा वर्षांच्या पोराला ‘वाटून घ्यावं’ हे माहीत असतं. माहीत असणं आणि हातून सुटणं यात काही वर्षांचं अंतर असतं. त्यामुळे चारचौघांत ‘स्वार्थी’ म्हणून त्याचा उद्धार करण्यात काही अर्थ नाही.

मग हे अंतर कमी कशानं होतं?

पहिली गोष्ट म्हणजे निवड. 2013 सालीच चेर्न्याक आणि कुशनीर यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांसमोर एक दुःखी बाहुला ठेवला. काही मुलांना सांगितलं, स्टिकर त्याला द्यायचाच. काहींना सांगितलं, तुझा स्टिकर तू ठेव किंवा त्याला दे, तुझं तू ठरव. नंतर दुसऱ्या बाहुल्याला द्यायची वेळ आली तेव्हा ज्यांनी आधी स्वतः ठरवून आपलं काहीतरी दिलं होतं, त्यांनी जास्त स्टिकर दिले.

दुसरी गोष्ट म्हणजे देण्याचा आनंद. 2012 साली अ‍ॅकनिन, हॅमलिन आणि डन यांना दिसलं की दोन वर्षांच्या आतली बाळंसुद्धा खाऊ मिळाल्यापेक्षा खाऊ देताना जास्त खूश दिसतात. स्वतःच्या वाट्याचा खाऊ देताना तर अजून जास्त.

तिसरी गोष्ट म्हणजे बक्षिसाचा उलटा परिणाम. वारनेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली 20 महिन्यांच्या बाळांना मदतीबद्दल खेळणी दिली. बक्षीस बंद झाल्यावर ती बाळं कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती मदत करत राहिली.

हे आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात ‘बंधुप्रेमाची शिकवण’ नावाचं प्रकरण आहे. श्याम शिकायला दापोलीला, घर पालगडला. घरी गरिबी, धाकट्या भावाचा कोट फाटका. श्याम वडिलांनी खाऊसाठी दिलेले पैसे न खर्चता साठवतो आणि गणेशचतुर्थीला भावासाठी नवा कोट शिवून घरी नेतो.

इथे वाढदिवस नाही, गणपती आहे. पण तीनही गोष्टी जुळतात. कोट शिव म्हणून कुणी सांगितलं नाही, पैसे स्वतःच्या खाऊचे होते आणि बदल्यात काही मिळणार नव्हतं. श्याम तेव्हा शाळकरी वयाचा होता, हे मात्र लक्षात घ्या. चार वर्षांच्या मुलाकडून एवढी अपेक्षा नको.

आता घरी नेमकं करायचं काय?

1. आठवडाभर आधी सांगून ठेवा. केक कोण कापणार, गिफ्ट कुणाची, आणि तुझा दिवस कुठल्या महिन्यात येणार. ऐनवेळी धक्का बसला की रुसवा वाढतो.

2. गिफ्ट त्याला ठरवू द्या. गल्ल्यातले वीस रुपये, स्वतःचं एखादं खेळणं किंवा हातानं काढलेलं चित्र. “नाही द्यायचं” म्हणाला तर तेही चालायला हवं. ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर ती निवडच नाही.

3. एक खरं काम द्या. तीन-चार वर्षांचं पोर औक्षणाच्या ताटात सुपारी आणि अक्षता ठेवेल. सहा-सात वर्षांचं खाऊ वाटेल, कुणी राहिलं नाही ना ते बघेल. दहा वर्षांचं बोलवायच्या मुलांची यादी करेल. आणि काम विसरलं, तर गुपचूप तुम्ही उरकू नका, फक्त आठवण करा. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे कळलं की जबाबदारी कळते.

4. ‘त्याला वाईट वाटू नये’ म्हणून त्याच्यासाठीही गिफ्ट आणणं टाळा. हेतू चांगला असतो, पण दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी आपल्यालाही काहीतरी मिळायलाच हवं, असा हिशेब पक्का होतो. त्याऐवजी त्या दिवशी अर्धा तास फक्त त्याच्यासोबत घालवा.

5. शाबासकीत परिणाम दाखवा. “शहाणा मुलगा” यापेक्षा “तू दिलेलं चित्र तिनं झोपतानाही सोडलं नाही” हे जास्त उपयोगी पडतं.

6. नियम दोघांनाही सारखा ठेवा. नवीन खेळणं लगेच वाटून घ्यायची सक्ती वाढदिवस असलेल्या पोरावरही नको. आपली वस्तू सुरक्षित आहे अशी खात्री असली, की ती दुसऱ्याच्या हातात द्यायची भीती कमी होते.

हे प्रयोग स्टिकर आणि खाऊचे होते, वाढदिवसाचे नव्हते. त्यामुळे एका वर्षात पोर बदलेल अशी गॅरंटी कुणी देऊ शकत नाही. यंदा त्यानं फक्त खाऊ वाटला आणि गिफ्ट दिलंच नाही, तरी हरकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. फक्त त्याच्या हातातलं हिसकावून ‘दिलं’ असं म्हणू नका.