बाळंतिणीपाशी कोण?

नाशिकहून एका वाचक बाईंनी विचारलं आहे : "सुनेचं बाळंतपण पुण्यात व्हायचं आहे. तिची आई नोकरी करते, माझे गुडघे साथ देत नाहीत. सूनबाई म्हणते, घरी आल्यावर महिनाभर डूला ठेवू. या बाई नक्की करतात काय? आणि त्यामागे काही शास्त्र आहे, की नुसतं शहरातलं फॅड?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डूला औषध देत नाही, टाके तपासत नाही, निदान करत नाही. ती बाळंतिणीला वेळेवर जेवू घालते, बाळाला अंगावर नीट घ्यायला शिकवते, रात्री बाळ सांभाळून आईला सलग झोप मिळवून देते, ती रडली तर ऐकून घेते. नवऱ्याने, सासूने आणि पाहुण्यांनी काय करावं आणि काय करू नये, हेही सांगते. आपल्याकडे हीच कामं आई, मावशी, सुईण आणि अंग चोळायला येणाऱ्या बाई यांच्यात वाटलेली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबचं आहे. त्याची सुरुवात डॅना राफाएल यांच्यापासून करायला हवी, कारण डूलांची जाहिरात करणाऱ्या कितीतरी जणांना हे नावच ठाऊक नसतं.

राफाएल अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. पहिल्या बाळाला अंगावर पाजणं त्यांना जमलं नाही. शिकलेली, धडधाकट, पाजायची मनापासून इच्छा असलेली बाई आणि तरी दूध आटलं! हे अपयश त्यांनी नशिबावर ढकललं नाही, त्याचा संशोधनाचा प्रश्न केला. जगातल्या बहुतेक समाजांत बायका डॉक्टरच्या मदतीशिवाय पिढ्यान्पिढ्या मुलं पाजत आल्या, मग आधुनिक शहरात हे का फसतं? कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९६६ साली याच विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. निरनिराळ्या समाजांच्या नोंदी पडताळताना त्यांना एक समान गोष्ट दिसली : पहिल्या दिवसांत आईजवळ कुणीतरी असतं आणि त्या व्यक्तीचं लक्ष बाळापेक्षा आईकडे असतं. जिथे अशी व्यक्ती नाही, तिथे पाजणं फसतं. एका ग्रीक बाईकडून ऐकलेला 'डूला' हा शब्द त्यांनी या व्यक्तीसाठी वापरला आणि १९७३ साली 'द टेंडर गिफ्ट' या पुस्तकातून तो जगापुढे ठेवला. म्हणजे डूला मुळात बाळंतपणानंतरच्या दिवसांतली. प्रसूतिगृहात ती पुढे गेली.

पण शेजारी बसलेल्या माणसाचा दुधाशी काय संबंध? याचं उत्तर राफाएल यांच्या आधीच एका जोडप्याने शोधून ठेवलं होतं आणि तो प्रयोग मला फार आवडतो.

दूध तयार होणं आणि दूध उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार होण्याचं काम प्रोलॅक्टिनचं. उतरण्यासाठी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं, मग दुग्धग्रंथींभोवतालच्या सूक्ष्म स्नायुपेशी आवळल्या जातात आणि दूध पुढे ढकललं जातं. गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. धार काढताना अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं की गाय पान्हा चोरते. सडात दूध असतं, पण ती सोडत नाही. अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोन संशोधकांनी १९४१ साली याचीच परीक्षा घेतली. गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं, शेजारी कागदी पिशव्या फुगवून फोडल्या आणि मग धार काढली. दूध घटलं.

सात वर्षांनी, १९४८ साली, नाइल्स न्यूटन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे प्रसूतितज्ज्ञ पती मायकल यांनी हाच प्रश्न माणसाच्या बाबतीत विचारला. प्रयोगातली आई स्वतः नाइल्स आणि बाळ त्यांचंच. पाजताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले, कधी पायाचा अंगठा अवचित ओढला गेला, कधी गणितं घालून उत्तर चुकलं की विजेचा हलका झटका दिला गेला. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करायचं. निवांत दिवशी बाळाने सरासरी १६८ ग्रॅम दूध घेतलं. त्रास दिला त्या दिवशी ९९ ग्रॅम. त्रास तोच, पण ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलेलं, तर १५३ ग्रॅम. या तिसऱ्या आकड्यात सगळी गंमत आहे. दूध आटलेलं नव्हतं, ते अडलेलं होतं.

एक आई आणि एक बाळ, एवढ्यावर कुणी सिद्धान्त उभारत नाही. पण १९९४ साली जपानी संशोधकांनी पाजणाऱ्या आयांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजलं आणि मनावर ताण असताना ते कमी वेळा सुटतं, हे दाखवलं. 'तुला दूधच नाही' असं बाळंतिणीच्या तोंडावर म्हणणारं माणूस त्या क्षणी तिचा पान्हा अडवत असू शकतं. उलट, पाठीशी उशी सारून 'बस निवांत, येईल' म्हणणारी बाई शरीरशास्त्राला धरूनच वागत असते.

मग डूला प्रसूतिगृहात कशी पोचली? मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ग्वाटेमालात काम करत होते. तिथल्या गजबजलेल्या सरकारी रुग्णालयात कळा देणाऱ्या बाईजवळ घरचं कुणी थांबू शकत नसे. त्यांनी काही बायकांजवळ एक साधी, वैद्यकीय शिक्षण नसलेली स्त्री बसवली. तिने हात धरायचा, पाठ चोळायची, बोलायचं. १९८० साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले : गुंतागुंत न झालेल्या २० बायकांच्या प्रत्येक गटात, सोबत असलेल्यांना प्रसूतीला सरासरी ८.८ तास लागले, एकट्या असलेल्यांना १९.३. शिवाय सोबत लाभलेल्या आया बाळंतपणानंतर जास्त वेळ जाग्या राहिल्या, बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या.

१९९१ सालचा ह्यूस्टनचा प्रयोग आणखी बारकाईने आखलेला. ६१६ बायका, तीन गट. पहिल्याला डूला, तिसऱ्याला नेहमीची व्यवस्था. मधल्या गटातल्या खोलीत एक बाई नुसती कोपऱ्यात बसून नोंदी करायची, बाळंतिणीशी एक शब्द बोलायची नाही. सिझेरियनचं प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेत १८ टक्के, डूला असताना ८ टक्के. आणि ती मुकी निरीक्षक असताना १३ टक्के! काहीही न करणाऱ्या बाईच्या नुसत्या असण्याने एवढा फरक पडला. या आकड्यापाशी मी दर वेळी थबकतो. २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. त्यात परिणाम इतका ठळक राहिला नाही, पण दिशा तीच राहिली.

इथे जरा सावध व्हायला हवं. हे आकडे कळांच्या वेळच्या सोबतीचे आहेत. ते मोजायला सोपे असतात : तास, इंजेक्शनं, सिझेरियन. घरी आल्यानंतरच्या सव्वा महिन्यात काय मोजणार? झोप, भीती, एकटेपण, भेगाळलेली स्तनाग्रं? म्हणून संशोधनाचा पैसा आणि लक्ष प्रसूतिगृहाकडे गेलं आणि राफाएल यांचा मूळ प्रश्न मागे पडला. आज 'चाळीस दिवसांच्या पॅकेज'च्या पत्रकात सिझेरियन कमी झाल्याचे आकडे छापणं ही वाचकाची दिशाभूल आहे. बाळ जन्मल्यावर सिझेरियन टळत नाही.

घरच्या मदतीवरचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमधल्या शेफील्डला झाला आणि तो २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ६२३ आया. निम्म्यांच्या घरी पहिल्या महिन्यात प्रशिक्षित मदतनीस दहा वेळांपर्यंत, दर वेळी तीन तासांपर्यंत जात होती. आया अतिशय खूश होत्या. पण सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी मोजलं, तर आईचं आरोग्य, नैराश्य, स्तनपान, कशातच फरक नव्हता. डूलांच्या बाजूने लिहिणारे या प्रयोगाचं नाव क्वचितच घेतात. माझ्या मते तो सर्वांत शिकवणारा प्रयोग आहे. कारण शेफील्डमध्ये दोन्ही गटांतल्या आयांकडे सरकारी सुईण आधीपासूनच घरी येत होती. भरलेल्या ताटात आणखी एक पदार्थ वाढला, तर वजन वाढत नाही.

आता कॅनडातल्या ओंटारिओचा प्रयोग बघा. तिथे सरसकट सगळ्या आया घेतल्या नाहीत. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसू लागली होती, अशा ७०१ जणी निवडल्या. त्यांतल्या निम्म्यांशी स्वतः कधीकाळी बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून गेलेल्या बायका फोनवर बोलत होत्या. या स्वयंसेविकांचं प्रशिक्षण अवघं चार तासांचं. बारा आठवड्यांनी नैराश्याचं प्रमाण नेहमीच्या गटात २५ टक्के, फोनवाल्या गटात १४ टक्के. मदत साधी, स्वस्त, फोनवरची. पण जिथे पोकळी होती तिथे ती पोचली.

आपल्याकडे ही पोकळी कुठे आहे? मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत होणाऱ्या २७० बायकांचा मागोवा घेतला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्यात होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. धोका वाढवणाऱ्या गोष्टी काय, तर गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. माहेरपण, डिंकाचे लाडू, तेलमालिश यांची परंपरा असूनही हे चित्र होतं. बाळंतपणाची रीत पाळली जाणं आणि बाळंतिणीची विचारपूस होणं यांत अंतर पडू शकतं. पुढे गोव्यातच नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींवर प्रयोग झाला. शेजारपाजारच्याच बायका 'सखी' म्हणून प्रशिक्षण घेऊन त्यांच्या घरी गेल्या. फायदा झाला, मोठा नाही, पण झाला.

गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या ७७२ बाळंतिणींची घरी जाऊन पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रसूतीच्या वेळी आजार वा गुंतागुंत झाली १७.७ टक्के बायकांना, बाळंतपणानंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के बायकांना. स्तनांचे त्रास, उशिरा होणारा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झोप न लागणं. आपलं सारं लक्ष मात्र बाळ बाहेर येईपर्यंतच असतं. बंग यांच्याच 'सर्च' या संस्थेच्या आरोग्यदूत बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. त्याच वाटेने आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. तिथे मुख्यतः बाळाचं वजन, तापमान, पाजणं पाहिलं जातं. त्याच भेटीत आईला 'तू कशी आहेस?' हे बसून विचारायला वेळ आणि त्याचं प्रशिक्षण मिळालं, तर राफाएल यांना अभिप्रेत असलेली व्यक्ती कोपीवर बाळंत झालेल्या ऊसतोडणीवालीपर्यंत पोचेल. तिचं माहेर शेकडो किलोमीटर दूर असतं आणि तिला पॅकेज परवडणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत प्रशिक्षित 'क्रामझोर्ग' बाई घरी येते. किमान २४ तास, गरजेप्रमाणे ८० तासांपर्यंत. खर्चाचा मोठा भाग मूळ आरोग्य विम्यातून. ती आईचे टाके आणि गर्भाशय पाहते, बाळाला तोलते, वेळ पडली तर कपडेही धुते. तिथे हा हक्क आहे, चैन नाही.

नाशिकच्या बाईंना माझं म्हणणं असं : आई नोकरीवर, तुमचे गुडघे दुखतात, म्हणजे तुमच्या घरात पोकळी खरीच आहे. डूला जरूर ठेवा. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना किंवा नोंदणी नाही, तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा तिला प्रश्न विचारा. चीक पिळून टाकायला सांगते का? बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायला सांगते का? त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. पाणी कमी प्यायला सांगते का? यांपैकी एकालाही ती 'हो' म्हणाली, तर दुसरी शोधा. आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं, हे तिला पाठ हवं : तासाभरात पॅड भिजून जाणं, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, बाळाने दूध ओढायचं सोडणं किंवा अंग गार पडणं.

मनाच्या खुणा घरच्यांनीही ओळखाव्यात. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ते टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागेना, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं, तर डॉक्टरांशी बोला. भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवू लागली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एवढी तातडी नसेल, पण कुणाशी तरी बोलायचं असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, मराठीतूनही.