डेट करंट होईपर्यंत

सुहास पाटील १९६५ साली आयआयटी खरगपूरमधून इंजिनिअर झाले. जमशेदपूरचा हा मुलगा एमआयटीत गेला, डॉक्टरेट झाला, प्राध्यापकी केली आणि १९८१मध्ये सॉल्ट लेक सिटीत स्वतःची कंपनी काढून बसला. हीच कंपनी पुढे सिलिकॉन व्हॅलीत येऊन ‘सिरस लॉजिक’ झाली. कारखाना उभारायचा नाही, चिपचा आराखडा आपण करायचा आणि ती दुसऱ्याकडून बनवून घ्यायची, ही आज जगभर रूढ झालेली पद्धत सुरुवातीला अंगीकारणाऱ्यांत ती होती.

पाटील पदवीधर झाले त्याच वर्षी, ३ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जागा येत. नव्या कायद्याने वंश आणि देश पाहून ठरवलेले कोटे मोडले, कौशल्याला किंमत दिली. पवई, सीओईपी, व्हीजेटीआयमधून अमेरिकेला गेलेल्या पिढ्यांना तिथे कायमचं राहता आलं, ते या सहीमुळे.

त्यांनी तिथल्यांच्या नोकऱ्या घेतल्या, ही तक्रार जुनी आहे. आकडे वेगळं सांगतात. कॉफमन फाउंडेशनने १९७७ ते २००५ या काळातल्या नोकऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की अमेरिकेतल्या नव्या कंपन्या मिळून आपल्या पहिल्याच वर्षात, दरसाल सरासरी ३० लाख नोकऱ्या निर्माण करतात. जुन्या कंपन्यांत मात्र बहुतेक वर्षी नोकऱ्या घटतात. या नव्या कंपन्या काढतं कोण? संशोधक विवेक वाधवा, अ‍ॅनाली सॅक्सेनियन आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासानुसार, १९९५ ते २००५मध्ये निघालेल्या इंजिनिअरिंग-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी २५.३ टक्क्यांच्या संस्थापकांत परदेशात जन्मलेलं कुणीतरी होतं. सिलिकॉन व्हॅलीत हे प्रमाण ५२.४ टक्के. अशा कंपन्यांत २००५मध्ये साडेचार लाख माणसं काम करत होती.

याच संशोधनातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हे संस्थापक अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर सरासरी १३ वर्षांनी उद्योगात उतरले होते. म्हणजे आधी शिक्षण, मग नोकरी, धंद्याची जाण, ओळखीपाळखी आणि त्यानंतर धाडस. आजच्या भारतीय इंजिनिअरची नेमकी हीच वर्षं कायमच्या वास्तव्याच्या ग्रीन कार्डासाठी रांगेत जातात.

१९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आणला आणि नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठरवली. त्यात बायका-मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला! रांगेतल्या कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं आणि घरोघरी एकच प्रश्न, “डेट करंट झाली का?” ऑक्टोबर २०२५मध्ये ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या वर्गातली भारतीयांची रांग २०१३ साली नंबर लावलेल्यांपाशी होती. तोवर एच-१बी व्हिसा मालकाशी बांधलेला. नोकरी सोडून गॅरेजात कंपनी सुरू करायची, तर देशात राहायचा आधारच जातो. मूल २१ वर्षांचं झालं की बहुधा तेही आईवडिलांच्या अर्जातून बाहेर.

एच-१बीचा गैरवापर झाला, स्वस्त मजुरीसाठी काही कंपन्यांनी तो राबवला, हे खरंच आहे. पण त्यावरचा उपाय माणसाला मालकाच्या दावणीतून सोडवणं हा आहे. नोकरी बदलायची, उद्योग काढायची मोकळीक असली की कमी पगारात त्याला कोण अडकवून ठेवणार?

सुधारणेचे प्रयत्न झाले. भांडवल आणि रोजगार आणणाऱ्या संस्थापकांसाठी स्टार्टअप व्हिसाचं विधेयक २०१०मध्ये मांडलं गेलं, ते अडलं. २०१३मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी व्यापक विधेयक मंजूर केलं; प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. कॅनडाने मात्र त्याच वर्षी आपला स्टार्टअप व्हिसा सुरू केला आणि एच-१बीला वैतागलेल्यांनी आमच्याकडे या, असा फलक थेट सिलिकॉन व्हॅलीच्या महामार्गावर लावला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकलेले कुणाल बहल व्हिसा न मिळाल्याने भारतात परतले आणि २०१०मध्ये त्यांनी रोहित बन्सल यांच्यासह स्नॅपडील उभी केली. त्या नोकऱ्या दिल्लीत निर्माण झाल्या. आपल्या दृष्टीने चांगलंच झालं.

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने परदेशातून आणायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. बलाढ्य कंपनी तेवढे पैसे भरू शकेल. पाच जणांच्या नव्या कंपनीला सहावा माणूस हवा असेल, तर तिने ते कुठून आणायचे?